कॉटन ग्रीनचं सेंट ज्यूड : एका आईचा अनुभव

लेकराला ब्लड कॅन्सर आहे असं सांगितलं की लोक विचारतात, डॉक्टर कोण, औषध कोणतं, खर्च किती. मुंबईत राहता कुठे आणि स्वयंपाक कशावर करता, हे विचारणारं क्वचितच भेटतं. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या पाच वर्षांच्या लेकीचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाले आणि त्यातला बराचसा काळ आम्ही कॉटन ग्रीनच्या सेंट ज्यूडमध्ये काढला. या जागेला मी पाचपैकी पाच देते. का देते ते सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागातून टाटाला येणाऱ्या कित्येक आईबापांना ही सोय आहे हेच ठाऊक नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सेंट ज्यूड नावाचं मुलांचं मोठं हॉस्पिटल अमेरिकेत आहे, ते निराळं. आपल्याकडची संस्था म्हणजे सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स. श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने ती 2006 साली मुंबईत सुरू केली. इथे उपचार होत नाहीत. उपचार हॉस्पिटलात, आणि उपचार चालू असेपर्यंत लेकरू आणि आईबापांनी राहायचं इथे. भाडं नाही, अनामत नाही. आता कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, जयपूर, चेन्नई, गुवाहाटी इथेही त्यांची केंद्रं आहेत. कॉटन ग्रीनचं आवार पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती दुरुस्त करून उभं राहिलंय आणि एका वेळी दीडशेच्या वर कुटुंबं तिथे राहू शकतात.

राहण्याच्या जागेला एवढं महत्त्व कशाला, हे कळायला आजार थोडा समजून घ्यावा लागतो. लेकीला ताप येत होता, जात होता. पाय दुखतात म्हणून रात्री रडायची. मांड्यांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, केली, रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, आज रात्रीची गाडी धरा." देवगिरीने मुंबई गाठली. बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, झाली, निदान आलं : एएलएल, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आणि बरा होण्याची शक्यता चांगली असलेलाही हाच. पण उपचार पुरे झाले तर. पहिला टप्पा, इंडक्शन, साधारण महिनाभराचा. मग पुढचे कडक टप्पे, पाठीच्या मणक्यात दिली जाणारी इंजेक्शनं, आणि शेवटी घरी राहून गोळ्या घेण्याचं मेंटेनन्स. सगळं मिळून दोन ते अडीच वर्षं.

आता यात आमच्यासारख्यांची अडचण बघा. केमो वाईट पेशींबरोबर चांगल्या पेशीही मारते. पांढऱ्या पेशींचे काउंट पडले की लेकराच्या अंगात जंतूंशी लढायची ताकदच उरत नाही. अशा वेळी डॉक्टर म्हणतात : उकळलेलं पाणी द्या, ताजं शिजवलेलं द्या, बाहेरचं काही नको, गर्दीत नेऊ नका, संडास स्वच्छ हवा. प्रत्येक वाक्य बरोबर. पण हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर चटई टाकून बसलेल्या बापाने हे करायचं कसं? आणि कडक टप्प्यांत दर दोन-चार दिवसांनी बोलावतात, त्यामुळे गावी परत जाऊन राहणं शक्य नसतं. पैसे संपले, राहायला जागा नाही, घरी दुसरी लेकरं वाट बघतायत, म्हणून औषध लागू पडत असतानाही उपचार मध्येच सोडून लोक निघून जातात. आजार परत उलटतो तो मग. ही संस्था निघाली ती नेमकी यासाठी.

आम्हीही सुरुवातीला हॉस्पिटलच्या आसपास एका जुन्या इमारतीत भाड्याने राहिलो. नाव घेत नाही. एका खोलीचे पडदे लावून भाग केलेले, भाडं रोजच्या रोज. स्वयंपाकाला परवानगी नाही. पाणी बाटलीचं विकत. मजल्याला एकच संडास आणि तिथे सकाळी रांग. अहो आमचे खालून डबा आणायचे. तो कधी केला, कुणी केला, काही कळायला मार्ग नाही. काउंट पडलेले असताना लेकीला तिथे जुलाब लागले, मग ताप चढला. रात्री टॅक्सीने कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, नेलं, अँटिबायोटिक सुरू केलं, केमोची तारीख पुढे गेली. डब्यामुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, काउंट पडल्यावर ताप कशानेही येतो. पण त्या पडद्याआड बसून मला कळेना, मी नेमकं काय केलं म्हणजे हिला जंतूंपासून वाचवू शकेन.

सेंट ज्यूडला तुम्ही थेट जाऊन खोली मागू शकत नाही. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागाकडून नाव जातं. मुलाचे उपचार चालू हवेत, कुटुंबाची परिस्थिती बेताची हवी, घर लांब हवं. जागा किती आणि लेकरं किती, याचं गणित बसत नाही, त्यामुळे थांबावं लागू शकतं. म्हणून फाइल निघाली त्याच दिवशी समाजसेविका मॅडमना भेटा आणि नाव नोंदवायला सांगा. टाटात मुलांच्या विभागासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, पैसे, रक्त, राहणं या सगळ्यासाठी तिथली माणसं वाट दाखवतात. संकोच करत कोपऱ्यात बसू नका.

प्रत्येक कुटुंबाला आपली आपली जागा मिळते. पलंग, सामान ठेवायला कपाट, आड करायला दार. स्नानगृह आणि संडास सामायिक, पण मी अंगणवाडीची तपासणी करणारी बाई आहे, कोपरे बघते, आणि तिथले कोपरे कोरडे असतात. सफाई आईबापांनीच पाळीपाळीने करायची असा नियम. नव्याने आलेल्या काहींना हे आधी रुचत नाही. माझं मत विचाराल तर हा नियम उत्तम आहे. लादी मी पुसली की ती कशी पुसली हे मला माहीत असतं. चपला बाहेर, हात धुऊन आत, खोकला असेल तर मास्क. हे पाहुण्यालाही सांगतात आणि मोठ्या देणगीदारालाही.

पण खरं सांगायचं ते स्वयंपाकघराबद्दल.

मोठं सामायिक स्वयंपाकघर, त्यात प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र शेगडी आणि सामान ठेवायची जागा. शिधा संस्था देते : पीठ, तांदूळ, डाळ, तेल. भाजी, दूध, अंडी आपल्या लेकराच्या गरजेप्रमाणे. शिजवायचं मात्र आपणच. तयार जेवण का देत नाहीत असं एकदोघी विचारायच्या. दीडशे कुटुंबांसाठी एकच भात टाकणं सोपं असेल, पण केमो घेणारं लेकरू त्या भाताला तोंड लावत नाही. त्याच्या जिभेची चव गेलेली असते. त्याला त्याच्या आईच्या हातचंच लागतं, तेही त्या घटकेला मागेल ते. आमच्या उजव्या हाताची शेगडी बिहारकडच्या एका आईची होती, डाव्या हाताची बंगालच्या. एकीकडे सत्तू भिजतोय, एकीकडे माशाचा पातळ रस्सा, आणि मधे माझं वरण. लेकीचं तोंड आलं होतं, गालांच्या आतून सोलवटलेलं, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा बिहारच्या ताईने मला न विचारता माझ्या शेगडीवर पातेलं चढवलं. तांदूळ मऊ शिजवला, घोटून गाळला, दूध घातलं, चिमूटभर साखर, आणि अगदी गार केला. "दीदी, ठंडा दीजिए, गरम लगता है इनको." लेकीने चमच्याचमच्याने अर्धी वाटी घेतली. पुढे ज्या ज्या आईच्या लेकराचं तोंड आलं, तिला मी ती पेज करून दाखवली.

स्टेरॉइडचे दिवस वेगळेच. इंडक्शनमध्ये रोज स्टेरॉइड असतं आणि त्याने भूक अशी खवळते की लेकरू ओळखू येत नाही. जेवण झाल्यावर दहा मिनिटांत पुन्हा भूक. चिडचिड, रडणं, आदळआपट. आमची एरवी शहाणी पोर वाटी फेकायची. तिला पहाटे धपाटे हवे असत, तेही आजी करते तसे, तीळ लावलेले. ज्वारीचं पीठ गावाहून मागवलेलं होतं. उजाडायच्या आत पीठ मळून ताजे धपाटे थापून देता येणं, हे भाड्याच्या खोलीत झालंच नसतं. मीठ कमी ठेवा असं आहारतज्ज्ञ मॅडमनी बजावलं होतं, कारण स्टेरॉइडने रक्तदाब वाढतो. डब्यातल्या भाजीत मीठ किती हे कोण सांगणार? इथे चमचा माझ्या हातात होता.

अंगणवाडीत आम्ही महिन्याला वजन घेतो, दंडघेर मोजतो. ती तीन रंगांची पट्टी मी मुंबईलाही नेली होती, सवयीने. पाच वर्षांच्या आतल्या लेकराचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की तो लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. माझ्या लेकीचं वय त्या पट्टीच्या जरा पुढे गेलेलं, तरी मी मोजायचे. स्टेरॉइडने तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, पोट पुढे आलं, आणि व्हिडिओ कॉलवर गावाकडची माणसं म्हणायची, "काय गुटगुटीत झालीय गं!" दंड मात्र बारीक होता. वजनकाटा अशा वेळी फसवतो, दंड सहसा फसवत नाही. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञही दंडघेर घेतात हे बघून मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. कडल्स फाउंडेशन नावाची संस्था मुलांच्या कॅन्सर विभागांत आहाराचंच काम करते. अंडी, पूरक पावडर, रोजचा तक्ता. कुपोषित लेकराला केमो झेपत नाही, मधे मधे थांबवावी लागते. म्हणून ती शेगडी मला औषधाच्या कपाटाइतकीच महत्त्वाची वाटते. कडक टप्पे संपेपर्यंत लेकीचा दंड हळूहळू भरला. त्यात माझ्या हातची डाळ होती आणि त्यांनी दिलेला शिधा होता.

हॉस्पिटलला जायला-यायला केंद्राची गाडी असते. मुंबई न पाहिलेल्या माणसाला हार्बर लाइनच्या गर्दीत मास्क लावलेलं, हाताला औषधाची नळी घातलेलं लेकरू घेऊन चढता येत नाही. आणि तापाचा नियम तिथे सगळ्यांना पाठ असतो : 100.4 फॅरनहाइट दिसलं की घरचा उपाय नाही, क्रोसिन देऊन वाट बघणं नाही, सरळ कॅज्युअल्टी. रात्री अपरात्री कुणाच्याही लेकराला ताप आला तर शेजारचं दार वाजवायचं. जाणारी आई फाइल काढेपर्यंत दुसरी तिचं पाणी भरून ठेवते. हे कुणी शिकवत नाही, पण केंद्रातल्या माणसांनी वातावरण तसं ठेवलंय हेही खरं.

मुलांना शिकवायला बाई येतात. रंग, कागदकाम, पाढे, गोष्टी. लेकीची बालवाडी बुडली याचं मला फार लागलं होतं, माझ्याच अंगणवाडीतली पोर ती. इथे ती हिंदी बोलायला शिकली आणि दोन बंगाली गाणी. तिथे सगळ्यांचेच केस गेलेले, त्यामुळे कुणी कुणाकडे वळून बघत नाही. लोकलमध्ये बायका बघायच्या, हळहळायच्या, विचारायच्या, "काय झालं हो हिला?" आणि लेक माझ्या पदरात तोंड लपवायची. केंद्राच्या अंगणात ती टोपी काढून पळायची. पायात विन्क्रिस्टीन या केमोच्या औषधामुळे जोर कमी होता, पाऊल घासत चालायची, तरी पळायची.

मोठ्यांसाठी समुपदेशक मॅडम आहेत. आमच्याकडे बाप माणूस बोलत नाही. अहो सोयाबीन काढणीला गावी गेले आणि परत आले तेव्हा अर्धे झाले होते. उसनवारी, मोठा मुलगा सासूबाईंकडे, त्याची शाळा, सगळं मनात कोंडलेलं. मॅडमनी त्यांना बायकांपासून वेगळं, बापांच्या गटात बसवलं. पहिल्या वेळी गप्प. नंतर एकदा एका झारखंडच्या भावाने बैल विकल्याचं सांगितलं आणि आमचे बोलायला लागले. माझ्याजवळ ते जे बोलले नव्हते ते तिथे बोलले.

दुःख तिथेही येतं, हे लपवणार नाही. सगळी लेकरं बरी होत नाहीत. आम्ही असताना ओळखीच्या एका मुलाचा आजार परत उलटला आणि तो गेला. केंद्रातल्या माणसांनी त्या आईबापांना एकटं सोडलं नाही. आणि आम्हा बाकीच्यांशी, मुलांशीसुद्धा, मॅडम खरं बोलल्या. लेकीने विचारलं तेव्हा काय सांगायचं हे मला त्यांच्यामुळे सुचलं.

ही सोय लहान मुलांपुरतीच आहे. मोठ्या माणसाच्या उपचारासाठी आलात तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. गाडगेबाबांनी बेघरांना आसरा द्या म्हणून सांगितलं आणि धर्मशाळा बांधल्या. माझ्या सासूबाई त्यांचं कीर्तन ऐकलेल्या घरातल्या. केंद्रात भेटायला आल्या तेव्हा दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. सेंट ज्यूडमध्ये लेकराबरोबर आईबाप राहतात, सगळं कुटुंब नाही. भावंडांची सोय गावी करून या.

पैशाचं थोडक्यात. रेशन कार्ड असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं आधी विचारा, मग मुख्यमंत्री आणि पंतप्रधान सहायता निधीचे अर्ज. रेल्वेत हॉस्पिटलचा फॉर्म दाखवला की स्लीपर आणि थर्ड एसीत लेकराचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के सूट. हे फॉर्म भरायला केंद्रातले जुने आईबाप मदत करतात, कारण त्यांनी ते इतक्या वेळा भरलेले असतात.

आता लेक मेंटेनन्सवर आहे. रात्री सिक्स एमपी या केमोच्या औषधाची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे दुसरं औषध, ठरल्या तारखेला सीबीसी आणि मुंबईची फेरी. आमची जागा रिकामी झाल्यावर तिथे दुसरं कुटुंब आलं असणारच.

नव्याने जाणाऱ्यांनी दोघांचे आधार कार्ड, लेकराचा जन्मदाखला, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक यांच्या भरपूर झेरॉक्स घेऊन निघा, मूळ कागद वेगळ्या पिशवीत ठेवा. घरचं ज्वारी-बाजरीचं पीठ आणा आणि लेकराची रोजची ताटवाटी आणा. परभणी, हिंगोली, नांदेडकडचं कुणी जाणार असेल तर मला इथेच विचारा. समाजसेवा विभाग कोणत्या मजल्यावर, कुठल्या खिडकीवर आधी उभं राहायचं, सगळं फोनवर समजावून सांगते. संध्याकाळी सहानंतर मी मोकळी असते.